आजोबांचे पैसे, नातवाचं विमान

प्रश्न: माझा मुलगा सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत गिअरबॉक्स डिझाइनला आहे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फलटणकडची थोडी जमीन विकली आणि त्यातले बारा लाख नातवाच्या नावानं ठेवले. आता हा म्हणतो, नोकरी सोडतो, त्या पैशांत एकट्यानं बसायचं छोटं विमान बांधतो आणि स्वतःच उडवतो. काही बोलायला गेलं की डी हॅव्हिलंड नावाच्या इंग्रजाचं उदाहरण तोंडावर फेकतो: त्यानंही आजोबांकडून पैसे घेतले, नोकरी सोडली, कुणी न शिकवता विमान उडवलं. अण्णा म्हणतात, ‘दे त्याला.’ आमचे हे एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी मुलाशी बोलणंच टाकलंय. डिसेंबरात लग्न ठरलंय आणि मुलीकडच्यांना यातलं काही माहीत नाही. मला रात्रीची झोप नाही. काय सांगू त्याला?
– एक आई, चिंचवड

उत्तर: ताई, तुमच्या मुलानं सांगितलेल्यातलं एकही वाक्य खोटं नाही. जेफ्री डी हॅव्हिलंडनं आईच्या वडिलांकडून हजार पौंड घेतले, बस बांधणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि विमान उडवायला स्वतःचं स्वतः शिकला, हे सगळं खरं. फक्त चिरंजीवांनी शिऱ्यातले बेदाणे तेवढे वेचलेत. उरलेलं मी सांगते. ते वाचल्यावर तुम्ही त्याला ‘हो’ म्हणाल असा माझा अंदाज आहे, पण तो मागतोय तसलं सरसकट ‘हो’ नव्हे.

पुढे विमानांची कंपनी काढणारा हा माणूस १८८२ चा, इंग्लंडातल्या हाय वायकम गावचा. वडील पाद्री, पैशाची बाजू लंगडी. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये तो तीन वर्षं शिकला, आणि शिकता शिकताच मोटरसायकलचं इंजिन स्वतः डिझाइन करून बसला. पैशाची निकड होती म्हणून त्याची ड्रॉइंग्ज आणि पॅटर्न बरोबरच्या दोघांना पाच पौंडांत विकले. पाच! त्यातूनच पुढे ब्लॅकबर्न नावाची इंजिनं निघाली आणि कित्येक वर्षं मोटरसायकलींवर धावली. मग रग्बीला वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी, बर्मिंगहॅमला वूल्सली मोटर कंपनीत ड्रॉइंग बोर्डावर काम (तिथं तो कंटाळला), आणि मग वॉल्थमस्टोला बसच्या कंपनीत डिझायनर. १९०८ साली विमानाचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा वय तुमच्या मुलाइतकंच, पंचवीस-सव्वीस. पण तोवर इंजिन कागदावर काढण्यापासून ते धडधडेपर्यंतचा सगळा रस्ता त्यानं हातानं केला होता.

आजोबा जेसन सॉन्डर्स हे ऑक्सफर्डचे व्यापारी, तिथले महापौर राहिलेले. हजार पौंड ही त्या काळात लहान रक्कम नव्हती. साध्या कामगाराला वर्षाकाठी शंभर पौंडही सुटत नसत. आता पाहा, त्या पैशातून त्यानं सगळ्यात आधी काय केलं. पंख नाही, शेपूट नाही, इंजिन. बाजारात मिळणारी इंजिनं एकतर जड, नाहीतर भरवशाची नाहीत, म्हणून चार सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, ४५ हॉर्सपॉवरचं इंजिन त्यानं स्वतः डिझाइन केलं आणि विल्सडेनच्या आयरिस मोटर कंपनीकडून बनवून घेतलं. विमानाचा सांगाडा नंतर, फुलममधल्या एका भाड्याच्या शेडमध्ये. म्हणजे सगळं फसलं असतं तरी हाताशी एक चांगलं इंजिन उरलंच असतं. आणि तसंच झालं.

हॅम्पशायरमध्ये सेव्हन बॅरोज म्हणून मोकळी कुरणं आहेत. मालक लॉर्ड कार्नार्व्हन. हो, तेच, ज्यांच्या पैशानं पुढे इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर सापडली. तिथं १९०९ च्या डिसेंबरात विमान उतारावरून पळवलं. ते उठलं, याने घाईनं नाक वर ओढलं, आणि काही यार्डांत पंख मोडून सगळं जमिनीवर. पंखातल्या दांड्यांचं लाकूड कमकुवत होतं, वर तो झटका त्यांना झेपला नाही. हा खरचटण्यावर सुटला. यात नशिबाचा वाटा किती आणि हुशारीचा किती, हे मुलालाच विचारा. मला विचाराल तर शंभर टक्के नशीब.

विमानाचा चुराडा झाला, पण इंजिन शाबूत राहिलं. दुसरं विमान त्याच इंजिनावर बांधलं. पहिल्यात एका इंजिनावर दोन प्रोपेलर फिरवायला शाफ्ट आणि गिअरचा मोठा खटाटोप केला होता. दुसऱ्यात तो सगळा काढून टाकला, एकच प्रोपेलर थेट इंजिनाला जोडला. तुमच्या गिअरबॉक्सवाल्याला हे वाक्य जरा मोठ्यानं वाचून दाखवा. सप्टेंबर १९१० मध्ये हे दुसरं विमान उडालं. उडालं म्हणजे किती, हे आत बसलेल्याला नीट कळेना. म्हणून मित्र फ्रँक हर्ल गवतात आडवा पडला आणि चाकांखालून उजेड दिसतो का ते बघत राहिला. दिसला.

या फ्रँक हर्लकडे नीट बघा, कारण तुमच्या मुलाच्या गोष्टीत तो मला कुठे सापडला नाही. हर्ल लंडनच्या बस कंपनीत मेकॅनिक होता. डी हॅव्हिलंडनं कागदावर काढायचं आणि हर्लनं लोखंडात उतरवायचं, असं दोघांचं चाले. तो पुढे जेफ्रीचा मेहुणा झाला आणि कित्येक वर्षं त्याच्या विमान कंपनीत राहिला. एकट्यानं विमान बांधल्याची गोष्ट ऐकायला झकास वाटते, पण डी हॅव्हिलंडची गोष्ट ती नव्हे. ‘वा, भारी!’ म्हणणारे मित्र मुलाकडे पुष्कळ असतील. ‘हा बोल्ट लहान पडतोय, काढ’ म्हणणारा एक तरी आहे का, ते विचारा.

आणि लुईझ. जेफ्रीचं लग्न १९०९ मध्ये, विमानाचं काम ऐन भरात असताना झालं. पंखांवरचं कापड लुईझनं हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर शिवलं. सगळं तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. तुमच्याकडे लग्न डिसेंबरात, आणि मुलीकडच्यांना पत्ता नाही. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला खरी चूक दिसली ती एवढीच. तुम्ही व्याह्यांशी बोलू नका, मध्यस्थांमार्फत तर मुळीच नको. मुलानं त्या मुलीला समोर बसवून सांगायचं, या महिन्यात, साखरपुड्याच्या साड्या घेण्याआधी. ती ‘नाही’ म्हणाली तर तो तिचा हक्क. ‘हो’ म्हणाली तर तिला शिवणकामाला जुंपू नका म्हणजे झालं.

आता तुमचा मुलगा जे पान उलटून पुढे जातो तिथे येऊ. १९१० संपत आलं तोवर आजोबांचे पैसे संपत आले होते. विमान उडत होतं, पण विमान उडतं म्हणून भाकरी मिळत नाही. मग या माणसानं काय केलं? ओळखीतून फार्नबरोच्या सरकारी बलून फॅक्टरीशी बोलणं झालं. फॅक्टरीनं त्याचं विमान ४०० पौंडांना घेतलं, वर त्याला डिझायनर आणि टेस्ट पायलट म्हणून कामावर ठेवलं. अट अशी की विमानानं आधी तासभर उडून दाखवायचं. त्यानं दाखवलं. हर्लही बरोबर गेला. म्हणजे बंडखोर म्हणून मिरवलेला हा तरुण दोन वर्षांच्या आत पुन्हा पगारावर होता, तोही सरकारी. त्याला यात काही कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. उलट त्याची खरी घडण तिथंच झाली. बी.ई.१ आणि बी.ई.२ ही विमानं त्याने तिथे आखली आणि स्वतः उडवली. ऑगस्ट १९१२ मध्ये मेजर साइक्सना मागे बसवून बी.ई.२ मधून १०,५६० फूट उंची गाठली. तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता.

त्या काळच्या या कामाचं स्वरूप जरा समजून घ्या, म्हणजे तुमची भीती कुठे बसते ते कळेल. आज डिझाइन करणारा वेगळा, बांधणारा वेगळा, चाचणी घेणारा वेगळा. तेव्हा तिन्ही एकच. सकाळी आखलेला शेपटीचा भाग पुरेसा मोठा आहे की नाही, हे कळायचा मार्ग म्हणजे स्वतः वर जाऊन बघणं. मार्च १९१३ मध्ये डी हॅव्हिलंडनं बी.एस.१ नावाचं एकट्याचं वेगवान विमान वर नेलं. ताशी ९० मैलांच्या वर पळणारं, त्या काळात भलतंच. रडर, म्हणजे डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं, लहान पडलं, विमान गिरकीत सापडून खाली आलं, याचा जबडा मोडला. नंतर तेच विमान मोठं रडर लावून पुन्हा उभं केलं.

त्याच फॅक्टरीत एडवर्ड बस्क म्हणून केंब्रिजचा इंजिनिअर होता. माझ्या मते त्या पिढीतला सगळ्यात शहाणा. वाऱ्याच्या झोताने विमान कलंडलं तर त्यानं आपलं आपण सरळ व्हावं, यासाठी पंखांचा कोन कसा हवा, शेपटी कुठे हवी, याचं आधी गणित करायचं, मग स्वतः उडवून, उपकरणांनी मोजून गणित खरं की खोटं ते तपासायचं, ही त्याची पद्धत. डी हॅव्हिलंडच्या बी.ई.२ वरून त्यानं जे बी.ई.२सी घडवलं, ते हात सोडले तरी सरळ उडत राही. (पहिल्या महायुद्धात हाच गुण नडला. इतकं स्थिर विमान शत्रूला चुकवायला चटकन वळेना.) ५ नोव्हेंबर १९१४ ला संध्याकाळी बस्क बी.ई.२सी घेऊन एकटाच वर गेला, हवेत विमानाला आग लागली, आणि तो गेला. वय २८. त्याच्या गणितात काही चुकलं नव्हतं.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, घाबरलेल्या तर तुम्ही आहातच. पण मुलाला ‘काही होणार नाही’ असं म्हणू देऊ नका, आणि तुम्हीही स्वतःची तशी समजूत घालू नका.

डी हॅव्हिलंडला कुणी शिकवलं नाही, हा मुलाचा सगळ्यात लाडका मुद्दा दिसतो. अहो, १९०९ मध्ये इंग्लंडात शिकवणारा होता कोण? पायलटच बोटांवर मोजण्याइतके. शिकवायला कुणी असतं तर हा गेला नसता असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. लायसन्स त्यानंही घेतलंच, फेब्रुवारी १९११ मध्ये, रॉयल एरो क्लबचं, नंबर ५३. ज्या अडचणीतून त्याला जावं लागलं, ती अडचण आज मुद्दाम ओढवून घ्यायची आणि तिला धाडस म्हणायचं, हे इंजिनिअरला शोभत नाही. शिवाय आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानालाही डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याची, नोंदणी आणि उडवण्याची परवानगी लागते, उडवणाऱ्याला परवाना लागतो. अण्णांच्या शेतातून गुपचूप उडायचा बेत असेल तर तो आजच मोडा. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मुलाला माहीत असतीलच. ते पेशानं वैमानिक, त्यांचं काम १९९८ पासूनचं, आणि विमानाची नोंदणी झाली २०१७ मध्ये. मधली वर्षं मोजायला सांगा त्याला.

तेव्हा माझं म्हणणं असं. बारा लाखांतला पहिला खर्च उडायला शिकण्याचा. विमान उडवायला आलं की आपण बांधतोय त्यात काय चुकतंय हे हाताला कळायला लागतं. नोकरी चालू ठेवून हे होतं. दुसरा खर्च इंजिनाचा, आणि इथं त्यानं डी हॅव्हिलंडची नक्कल करू नये. उडवायला प्रमाणित इंजिन विकत मिळतं, ते घ्यावं. सांगाडा तिसरा. राजीनामा सगळ्यात शेवटी, आणि तोही खरंच लागला तर.

इंजिनावर मी इतकी अडून बसते याला कारण आहे. १९२० मध्ये डी हॅव्हिलंडनं लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेनवर स्वतःची कंपनी काढली. सामान्य माणसाला परवडेल असं विमान त्याला करायचं होतं. १९२३ मध्ये मोटरसायकलचं इंजिन लावून एक छोटंसं केलं, गोंडस, पण अंगात जोर नाही. मग दुसरं मोठं केलं, ते महाग पडलं. अडलं होतं ते इंजिनापाशी. शेवटी फ्रँक हॅलफर्डनं युद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे अर्धे सिलिंडर घेतले आणि चार सिलिंडरचं नवं इंजिन जुळवून दिलं. त्यावर मॉथ बेतलं. २२ फेब्रुवारी १९२५ ला डी हॅव्हिलंडनं ते स्वतः पहिल्यांदा उडवलं. पंख मिटून गाडीमागे ओढत नेता येईल असं विमान. लहानपणी पतंग-फुलपाखरं गोळा करायचा नाद होता, म्हणून नावही पतंगाचं. पुढे अख्खी मॉथ मंडळी आली, जिप्सी मॉथ, पुस मॉथ, टायगर मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथमधूनच. आणि जेआरडींनी त्याआधी तीन वर्षं, १९२९ मध्ये, बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून रीतसर लायसन्स काढलं होतं. पैशाला तोटा नसलेल्या घरातल्या मुलानंसुद्धा.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण तुमचा मुलगा कधी ना कधी वाचेलच, मग तुम्हाला आधी कळलेली बरी. १९१० मध्ये ते दुसरं विमान नीट उडायला लागल्यावर जेफ्रीनं लुईझला वर नेलं, तिच्या मांडीवर त्यांचं काही महिन्यांचं बाळ. नाव जेफ्रीच. ते बाळ मोठं होऊन कंपनीचा मुख्य टेस्ट पायलट झालं. १९०९ मध्ये लाकडानं दगा दिला होता, तरी लाकडाचंच मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं अतिवेगवान विमान कंपनीनं घडवलं, आणि २५ नोव्हेंबर १९४० ला ते पहिल्यांदा उडवलं याच मुलानं. धाकटा जॉन १९४३ मध्ये दोन मॉस्किटोंच्या हवेतल्या टकरीत गेला. थोरला जेफ्री सप्टेंबर १९४६ मध्ये, ध्वनीच्या वेगाजवळ जाणारं कंपनीचं डीएच १०८ हे विमान हवेतच तुटलं तेव्हा गेला. लुईझ १९४९ मध्ये वारली. म्हातारा काम करत राहिला, १९६५ पर्यंत जगला.

ताई, यावरून तुमच्या मुलाचं भविष्य काढू नका. ध्वनीच्या वेगाची वेस ओलांडायला निघालेलं विमान आणि रविवारी सकाळी शांत हवेत फिरवायचं एकट्याचं विमान यात फार अंतर आहे. पण धोका असतो, तो रीतीनं कमी करता येतो, संपवता येत नाही. हे मान्य करून जी आई ‘आधी शीक’ म्हणते, तिचं मुलं ऐकतात. ‘माझ्या मयतावर उडव’ म्हणणारीचं ऐकत नाहीत, गपचूप उडवतात.

अण्णांना काही शिकवायला जाऊ नका. आजोबा लोक नातवाच्या बाबतीत बहुतेक बरोबर असतात. फक्त त्यांना एवढी विनंती करा की पैसे एकरकमी देऊ नका. पहिला चेक सरळ फ्लाइंग क्लबच्या नावानं.

राहिले तुमचे हे. त्यांना ‘मुलाशी बोला’ म्हणू नका, त्यानं माणूस आणखी घट्ट होतो. मुलाला सांगा, पंखाच्या दांडीचं आणि इंजिन माउंटिंगचं ड्रॉइंग काढून जेवणाच्या टेबलावर ठेव, शेजारी पेन्सिल ठेव, आणि तू बाहेर जा. दापोडीत आयुष्यभर गाड्या उघडलेला माणूस चुकीचं माउंटिंग बघून गप्प बसूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर लाल खुणा असतील, आणि त्यातल्या निम्म्या बरोबर असतील. डी हॅव्हिलंडचा हर्लसुद्धा बसचाच मेकॅनिक होता, हे मात्र त्यांना कुणीतरी सांगा.